आळीचं बदक

खूप खूप उत्तरेला, जिथे निम्मं वर्ष बर्फ पडतो आणि समुद्रसुद्धा गोठून बसतो, तिथे कधीकाळी एक श्रीमंत राज्य होतं. श्रीमंत म्हणजे किती, तर राजाच्या पायाला गारठा लागू नये म्हणून राजवाड्याच्या पायऱ्यांना खालून ऊब दिलेली असायची. तसा राजा वाईट नव्हता. त्याने प्रजेसाठी दवाखाने फुकट केले होते, शाळा फुकट, गावभर फिरणारी घोडागाडी फुकट, आणि म्हातारपणी कुणी बघणारं नसेल तर राहायला मोठं ऊबदार वृद्धघर, तेही फुकट. दूरदेशीचे व्यापारी यायचे, हे सगळं बघून तोंडात बोटं घालायचे आणि परत जाताना आपल्या राजाला शिव्या देत जायचे.

त्या वृद्धघरात एक सेविका होती. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, त्यांची अंथरुणं बदलायची, हे तिचं काम. तिचा पगार ऐकला की व्यापाऱ्यांचे डोळे विस्फारायचे.

"बाई, एवढ्या पैशात आमच्याकडे तू माडी बांधशील!"

सेविका कसनुसं हसायची. माडी त्यांच्याकडे बांधता आली असती, राहायचं मात्र इथे होतं. इथे पगार हातात पडायचा आणि घरभाडं, सरपण, दूध, पाव करता करता घरी पोचेपर्यंत संपायचा. महिनाअखेरीला ती आणि तिची लहानगी लेक कोबीचं पाणीदार सार आणि काळा पाव यावर दिवस काढायच्या. पुढे पुढे ही महिनाअखेर पंधरवड्यालाच सुरू व्हायला लागली. मग पहिल्या आठवड्यात.

तिच्या आळीत सगळ्यांचं हेच होतं. शाळेतले मास्तर, घोडागाडी हाकणारा गाडीवान, दवाखान्यासाठी पाव भाजणारी पाववाली, सगळ्यांच्या चुलीवर तोच कोबी. पण बाहेर कुणी ब्र काढायचा नाही. गरीब राज्यात गरीब असलं तर निदान चारचौघांत सांगता येतं. एवढ्या श्रीमंत राज्यात गरीब राहायचं म्हणजे आपल्यातच काहीतरी खोट आहे, असं प्रत्येकाला वाटायचं.

आता त्या राज्यातली एक रीत ऐका. दर वर्षी थंडी पडायच्या आधी दरबाराचा तपासनीस ताटपाहणीला निघायचा. प्रजा काय खाते ते घरोघरी जाऊन बघायचं, हे त्याचं काम. तो जेवणाच्या टेबलाशी बसायचा, वाढलेलं ताट बघायचा, एक चमचा रस्सा चाखायचा, "सुखी घर!" म्हणायचा आणि उठायचा. प्रजेच्या ताटातलं एका चमच्याहून जास्त खाणं दरबारी माणसाला शोभत नाही, असं मानलं जायचं.

फार वर्षांपूर्वी असं झालं होतं की पाहणीच्या दिवशी आळीतल्या एका घरी वाढायलाच काही नव्हतं. शेजारणीला दया आली. तपासनीस तिच्या घरून उठल्याबरोबर तिने आपलं भाजलेलं बदक मागच्या दाराने पलीकडे दिलं. शेजारधर्मच तो, त्यात वाईट काय? पण पुढच्या वर्षी ते बदक तीन घरं फिरलं, आणि होता होता अख्ख्या आळीत एकच बदक फिरायला लागलं. सगळ्यांनी वर्गणी काढायची, खाणावळवाल्याकडून रस्स्यासकट एक गलेलठ्ठ भाजलेलं बदक आणायचं, आणि तपासनीस पुढच्या दाराने घरोघर हिंडेल तसं ते मागच्या अंगणातून हातोहात पुढे सरकवायचं. शेवटचं घर झालं की गार झालेलं बदक निम्म्या किमतीत खाणावळवाल्याला परत. ज्या बदकासाठी आळी पोटाला चिमटा काढायची, त्याचा एक घासही आळीतल्या कुणाच्या पोटात कधी गेला नव्हता. वेडगळपणाच हा! पण वेडगळपणा सगळ्यांनी मिळून केला की त्याला अब्रू म्हणतात.

आळीतली घरं दरबाराच्याच मालकीची होती. पाहणी झाली की थोड्याच दिवसांत भाडं वाढायचं. सरपण महागायचं. पगारवाढ मागायला गेलं की कारकून गोड हसून परत पाठवायचा. सगळे म्हणायचे, काळच असा आलाय.

यंदा सेविकेला वेगळीच काळजी लागली होती. भाडं आणखी वाढलं तर ही खोली सोडावी लागणार. परवडेल अशी खोली डोंगरापलीकडे. तिथून रोज कामाला येणं शक्य नव्हतं. वृद्धघराच्या जिन्याखाली एका माणसापुरती पथारी तेवढी मिळाली असती. मग लेकीचं काय? दरबारात चौकशीला गेली तर तिथला अधिकारी अगदी मायेने म्हणाला, "अहो, त्यात काय एवढं! मुलीला आमच्या बालगृहात ठेवू. मऊ गादी, गरम दूध, सगळं फुकट."

सेविकेच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पोरीला दूध पाजायला यांच्याकडे पैसे आहेत, आणि तिच्या आईला ते दूध विकत घेता येईल एवढा पगार द्यायला नाहीत! तरी ती मान खाली घालून निघून आली.

दुसऱ्या दिवशी ती वृद्धघरात एका म्हाताऱ्याची पाठ चोळत होती. हा म्हातारा एकेकाळी राजाचा खजिनदार होता. गरम पाण्याने त्याला बरं वाटलं की तो जुन्या गोष्टी सांगत बसायचा.

"ताटपाहणी आली वाटतं," तो म्हणाला. "माझा आवडता सण!"

"सण कसला, आजोबा?"

"अगं, त्यावरच तर आमचं सगळं चालायचं. तपासनीस येऊन सांगायचा, घरोघरी बदक शिजतंय. की आम्ही भाडं वाढवायचो. बदक खाणाऱ्याला चार नाणी जास्त द्यायला काय होतंय? आणि कुणी पगार वाढवा म्हणून आलं की विचारायचो, बदक खाऊन पोट भरलं नाही का रे?" म्हातारा खुदुखुदु हसला. "जरा खांद्याजवळ चोळ गं."

सेविकेचा हात थांबला. म्हणजे इतकी वर्षं आपलं भाडं आपणच वाढवत होतो. त्यासाठी वर्गणी काढत होतो, आणि बदक गार होऊ नये म्हणून वर फडकं झाकत होतो. तिने म्हाताऱ्याचा खांदा चोळला, पण आतून ती नुसती धुमसत होती.

संध्याकाळी ती मागच्या अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली, "यंदा बदक आणायचं नाही. जे खातो तेच वाढायचं." आणि खजिनदाराने सांगितलेलं सगळं तिने सांगितलं.

मास्तर चष्मा पुसायला लागले. "पटतंय गं," ते म्हणाले, "पण माझ्या घरी येऊन तपासनीस कोबी बघणार? शाळेत तोंड कसं दाखवू?"

"मास्तर, तोंड तुम्ही का लपवायचं?"

पाववाली मात्र उसळली. "हे बघ बाई, तुला आळीचं नाक कापायचं असेल तर दुसऱ्या आळीत जा. त्या पलीकडच्या आळ्यांत बघ, घरोघर बदक असतं म्हणे. आपणच तेवढे कोबीवाले ठरणार!"

गाडीवानाने वर्गणीचा डबा पुढे केला. एकेकाने पैसे टाकले. शेवटी सेविकेनेही टाकले. एकटी पडायची हिंमत तिला होईना.

ताटपाहणीचा दिवस उजाडला. मास्तरांचं घर झालं, गाडीवानाचं झालं. मागच्या दाराने बदक सेविकेच्या हातात आलं. तिने ते टेबलावर ठेवलं, फडकं काढलं, तोच पुढच्या दाराने तपासनीस आत आला. ऐटीत बसला, चमचाभर रस्सा चाखला आणि म्हणाला, "वा! सुखी घर!"

लेक टेबलाला हनुवटी टेकवून बदकाकडे एकटक बघत होती. तपासनिसाला कौतुक वाटलं. "काय गं, आवडतं ना तुला बदक?"

"माहीत नाही," लेक म्हणाली. "मी कधी खाल्लंच नाही."

तपासनीस खो खो हसला. त्याला वाटलं, पोर चेष्टा करतेय. आणि तेवढ्यात सेविकेला मागच्या दाराच्या फटीतून पाववालीचे दोन हात आत आलेले दिसले. दे, दे, लवकर दे, अशी बोटं हलत होती.

सेविकेने त्या हातांकडे बघितलं. मग लेकीकडे. मग तिने बदकाची तंगडी धरली, पिरगाळून तोडली आणि लेकीच्या हातात दिली.

"खा," ती म्हणाली. "पोटभर खा."

मागच्या दाराशी एक बारीक किंकाळी उमटली. दुसरी तंगडी सेविकेने स्वतः घेतली आणि तपासनिसाच्या तोंडाकडे बघत चावून चावून खाल्ली. तपासनिसाला हा उद्धटपणा वाटला. नाक मुरडून तो उठला आणि पाववालीच्या घरी गेला.

पाववालीच्या टेबलावर रिकामं ताट होतं.

"बदक कुठाय?" तपासनिसाने विचारलं.

पाववालीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. भिंतीकडे हात करून ती ओरडली, "त्या भवानीने खाल्लं! आमचं बदक खाल्लं तिने!"

"तुमचं बदक तिच्या घरी कसं गेलं?"

"आमचं म्हणजे... आळीचं." बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"अख्ख्या आळीचं एकच?"

तोवर सेविका लेकीला आणि उरलेलं बदक घेऊन पुढच्या दाराने आत आली. तपासनिसाने बदकाकडे नीट बघितलं. डाव्या पंखाजवळ ते करपलेलं होतं. मास्तरांकडे असंच करपलेलं होतं. गाडीवानाकडेही. त्याचा चेहरा उतरला.

"दार लावा," तो हळू आवाजात म्हणाला. "हे बघ बाई, मी दरबारात काय सांगू? इतकी वर्षं एकाच बदकाचा रस्सा चाखला म्हणून सांगू? माझी नोकरी जाईल. तुझं भाडं मी माफ करवून देतो. पोर तुझ्यापाशी राहील. फक्त आज घरोघर बदक होतं, असं मला म्हणू दे."

हेच तर तिला हवं होतं. लेक तिच्या पदराला धरून उभी होती आणि तिचे हात अजून तेलकट होते. नुसतं हो म्हटलं की झालं. मग तिने पाववालीकडे बघितलं. मघापासून तावातावाने बोलणारी पाववाली आता भिंतीला टेकून उभी होती, रिकाम्या ताटावर हात ठेवून, जसं काही ते तसं झाकता येणार होतं.

"माझं भाडं माफ कराल, आणि हिचं?" सेविका म्हणाली. "ते वाढवाल. त्या बदकावरच वाढवाल. नको मला."

"अगं, पण तुम्हाला कमी काय आहे?" तपासनीस चिडला. "दवाखाना फुकट, शाळा फुकट, गाडी फुकट!"

"फुकट?" सेविकेचा आवाज चढला. "तुमच्या म्हाताऱ्यांना आंघोळ मी घालते. शाळेत मास्तर घसा फोडतात. गाडी तो हाकतो, बर्फात, फाटक्या बुटांनी. दवाखान्यातला पाव ही भाजते आणि स्वतःच्या घरी कोबी खाते. राज्यात जे जे फुकट आहे ते आमच्या जिवावर फुकट आहे, साहेब! मोठेपणा राजाचा, आणि महागाई तेवढी आमची!"

मग पाववाली चुलीकडे गेली. पातेल्यातलं कोबीचं सार तिने ताटात ओतलं आणि ते तपासनिसासमोर आदळलं.

"घ्या," ती म्हणाली. "चाखा. हेच खातो आम्ही."

तपासनिसाने चमचा उचलला, पण तोंडापर्यंत नेला नाही. पुढच्या घरी कोबी होता, त्याच्या पुढच्या घरीही. तो आळीच्या टोकाला पोचेपर्यंत आरडाओरडा ऐकून मास्तर आणि गाडीवान आपापली पातेली घेऊन रस्त्यावर उभे होते. मास्तरांनी तर पातेलं उंच धरलं होतं.

बातमी संध्याकाळच्या आत गावभर झाली. आणि मग कळलं की पलीकडच्या आळीतही एकच बदक होतं. त्याच्या पलीकडच्या आळीतही. राज्यात जेवढ्या आळ्या होत्या तेवढीच बदकं होती, आणि प्रत्येक आळी दुसऱ्या आळीकडे बघून लाजत होती.

दरबाराने काय केलं म्हणता? आधी दरबार रागावला. प्रजेने दरबाराला फसवलं, असं मंत्री म्हणाले. प्रजा खोटं का बोलते हे शोधायला एक समिती नेमली, आणि समितीच्या जेवणात बदक होतं. पण भाडं वाढवायचं कशाच्या जोरावर, ते कुणाला सुचेना, म्हणून त्या वर्षी ते वाढलं नाही. पगार वाढायला मात्र पुढची ताटपाहणी उजाडावी लागली. त्या दिवशी अख्ख्या राज्यात एकही बदक शिजलं नाही आणि लोक पातेली घेऊन थेट त्या ऊबदार पायऱ्यांवर जाऊन बसले. खालच्या उबेने सार गार होईना आणि लोक उठेनात. शेवटी राजालाच खाली यावं लागलं.

लेक आईपाशीच राहिली.

पुढे एकदा सेविका त्या म्हाताऱ्या खजिनदाराची पाठ चोळत होती. गावात काय घडलं ते त्याच्या कानावर आलं नव्हतं.

"काय गं," त्याने विचारलं, "बदक कसं होतं?"

"फार चवदार होतं, आजोबा," सेविका म्हणाली. "आम्ही खाल्लं."

तात्पर्य, पोरांनो आणि थोरांनो, एवढंच: राबणाऱ्याचं ताट रिकामं असेल तर लाज त्याची नसते, त्याच्या कष्टाचं खाऊन ते रिकामं ठेवणाऱ्याची असते, म्हणून ते ताट झाकू नका, चारचौघांत मांडा.