पहिला टेकू

बाजार समितीच्या नव्या सभागृहाचा स्लॅब ओतून आठवडाही झाला नव्हता आणि उद्घाटन उद्यावर येऊन ठेपलं होतं.

"खालचे टेकू आजच काढा. पाहुण्यांना हे बांबूंचं जंगल दिसायला नको," सभापती रावसाहेब ढमढेरे गरजले.

साइटचे म्हातारे, पीएचडी झालेले इंजिनिअर डॉक्टर केळुस्कर यांनी बोटांवर दिवस मोजले आणि अजून थोडं थांबायला सुचवलं. काँक्रीट अजून कच्चं होतं आणि उद्या त्याखाली पाचशे माणसं बसणार होती. तरी सवयीने त्यांना वाटलंच, आपलंच गणित चुकलं असेल तर?

"डॉक्टर, एवढं शिकलात ते भ्यायलाच का? स्लॅब दगडासारखा झालाय. माझी खात्री आहे!"

"मला माझीच खात्री कधी नसते, साहेब," केळुस्कर चाचरत म्हणाले. "म्हणून तर खात्रीचा माणूस हवा. पायाभरणी तुमच्या हस्ते झाली, नारळही तुम्हीच फोडलात. आता पहिला टेकूही तुमच्याच शुभहस्ते निघू दे. हा घ्या हातोडा. आम्ही बाहेरून टाळ्या वाजवतो."

मजूर भराभर बाहेर सरकले. छताखाली रावसाहेब एकटेच उरले. त्यांनी एकवार वर पाहिलं आणि लगबगीने अंगण गाठलं.

"डॉक्टर, उद्घाटन बाहेर मांडवातच घेऊ," ते घाम पुसत म्हणाले. "आत फार उकडतं."