छत्तीस नावांची हजेरी

फार वर्षांपूर्वी, तांबुळखोऱ्यात एसटी पोचायच्याही आधी, तिथं सरकारी हायस्कूल पोचलं होतं. चार कौलारू खोल्या, पुढं लांबलचक व्हरांडा आणि खाली मैदान म्हणायची एक उतरती जागा. चेंडू सुटला की सरळ ओढ्यात जायचा. पण शाळेचं नाव तालुक्यात गाजत होतं, कारण दहावीचा निकाल दहा वर्षं सलग शंभर टक्के लागत होता. हेडसरांच्या खुर्चीमागं एक पितळी ढाल टांगलेली असायची. दर श्रावणात तालुक्याहून शिक्षणखात्याचे साहेब येत, ती ढाल खिळ्यावरून काढत, टाळ्यांच्या गजरात हेडसरांच्या हातात देत, आणि साहेब गेले की ढाल पुन्हा त्याच खिळ्याला लागायची.

अभिमान बाळगायला कुणाची ना नाही. पण हा निकाल कसा लागत होता तेही सांगितलंच पाहिजे. नववीची परीक्षा झाली की चिकोडे हेडसर कच्ची पोरं बाजूला काढत. त्यांच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला देत आणि वर एक कागद देत. त्याला सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात. तो भरून पोरानं बाहेरून परीक्षेला बसायचं. पास झालं तर त्याचं, नापास झालं तरी त्याचंच, शाळेच्या अंगाला काही लागत नाही. जे शाळेत बसून, मास्तर समोर असताना जमलं नाही, ते पोरानं घरी, एकट्यानं, गुरांमागं फिरता फिरता जमवायचं. बहुतेकांनी तो कागद भरलाच नाही. कुणाच्या घरी तो कौलाखाली खोचून राहिला, कुणी त्यात तंबाखू बांधली. आपल्या भाषेत निकाल लागणं वेगळं आणि निकाल लावणं वेगळं. शाळेचा निकाल लागत होता आणि शाळा पोरांचा निकाल लावत होती. दहा वर्षं हे चाललं आणि खोऱ्यात एकालाही त्याची लाज वाटली नाही.

अशा शाळेत रणखांबेबाई आल्या. उंच, काळ्यासावळ्या, खांद्याला कापडी पिशवी. गणित शिकवायच्या. त्यांचा आवाज असा की पाढे म्हणायला लागल्या तर पलीकडच्या रानातली गुराखी पोरंही पुढची ओळ म्हणायची, असं म्हणतात.

बाईंच्या नववीत हौसा झोरे नावाची मुलगी होती. डोंगरावरच्या धनगरवाड्यातली. दोन तास उतरून यायची, दोन तास चढून जायची. पहिला तास इंग्रजीचा, आणि तो संपता संपता ही दारात पोचायची, घामानं भिजलेली. वर्षभर तिनं इंग्रजीचं तोंडच पाहिलं नाही म्हणा ना. पण गणित मात्र तोंडी करायची. बाई फळ्यावर आकडे मांडेपर्यंत हिचं उत्तर तयार. बाईंचा त्या पोरीवर जीव जडला होता, आणि त्यांनी तो कधी लपवलाही नाही.

मे महिन्यात एक दिवस हौसाचा बाप, जानू झोरे, बाईंच्या दारात उभा राहिला. डोक्याला नवा पटका आणि हातात कुंभ्याच्या पानात बांधलेला लोण्याचा गोळा. चेहरा नुसता फुलला होता.

"बाई, पोरीचा सतरावा नंबर आला," तो म्हणाला. "हेडसरांनी सोताच्या हातानं कागुद दिला. छत्तीस पोरांत सतरावी, आन् तीबी वाड्यावरची. आमच्यात आजवर कुणाचा नंबरच आला नव्हता."

त्यानं पटक्यातून घडी काढून दाखवली. बाईंनी कागद उलगडला. सतरा नंबरचा फॉर्म. वाड्यावर गूळ वाटून आला होता तो माणूस.

बाईंनी त्याला खाली बसवलं आणि जे होतं ते सांगितलं. लपवलं असतं तर बरं झालं असतं का? नसतं. पण जानूचा चेहरा पाहून त्यांना वाटलं, आपण या माणसाच्या तोंडात मारली. लोणी तिथंच ठेवून तो डोंगराकडं निघून गेला.

बाई तडक हेडसरांकडं गेल्या.

"सर, नववीच्या पटावर किती होते?"

"छत्तीस."

"आणि दहावीच्या?"

"बावीस. चौदा बाहेरून बसतील."

"मग छत्तिसातल्या बाविसांना शंभर टक्के कोणत्या गणितानं म्हणायचं? मी ते पोरांना कसं शिकवू?"

चिकोडे सर दुष्ट नव्हते, म्हणूनच जास्त चीड येते. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, निकाल पडला तर शाळेची पत जाते. बावीस पोरांचं भलं बघायचं की चौदांपायी सगळ्यांचं वाटोळं करायचं?"

"पत कुणाच्या जिवावर, सर?" बाई म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न पाहता बाहेर पडल्या.

जून उजाडला. दहावीचा पहिला दिवस. नव्या हजेरीपटावर बावीस नावं होती. बाईंनी तो मिटून टेबलावर ठेवला आणि तोंडपाठ हजेरी घ्यायला सुरुवात केली, नववीच्या क्रमानं, छत्तीसच्या छत्तीस. ज्या नावाला उत्तर येत नव्हतं तिथं त्या थांबायच्या, तीनदा पुकारायच्या आणि मगच पुढं जायच्या. वर्गातली पोरं माना खाली घालून बसली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी हेडसरांनी लेखी ताकीद दिली. बाईंनी ती पिशवीत ठेवली आणि चौथ्या दिवसापासून वर्गाऐवजी व्हरांड्यात उभं राहून हजेरी सुरू केली, खोऱ्याकडं तोंड करून.

असं म्हणतात की ती हाक तीन डोंगर ओलांडून जायची. वीटभट्टीवर माती मळणाऱ्या पोराच्या कानात ती शिरली आणि तो पायाचा चिखलही न धुता चालत निघाला. तालुक्याच्या हॉटेलात कपबश्या विसळणाऱ्याला ती ऐकू आली आणि हातातला कप हातातच घेऊन तो शाळेत आला. काही म्हणतात, हाकबिक काही नव्हती, बाईच घरोघर फिरल्या. दोन्ही खरं असेल. तेरा पोरं आली.

वर्गात त्यांना बसायची परवानगी नव्हती, कारण दाखला हातात दिलेला. तेव्हा ती व्हरांड्यात बसली, आणि बाई उंबऱ्यावर उभ्या राहून शिकवायला लागल्या, अर्धं तोंड आत आणि अर्धं बाहेर. पावसाळाभर त्या उंबऱ्यावरून हलल्या नाहीत. पाऊस चहूकडून झोडपायचा, पण व्हरांड्यातल्या एकाही वहीवर थेंब पडला नाही, असं म्हणतात.

चौदावं नाव तेवढं रिकामं राहिलं. हौसा झोरे.

बाई एका रविवारी वाड्यावर चढल्या. जानू म्हशींच्या गोठ्यात होता. त्यानं पाणी दिलं, घोंगडं अंथरलं, पण नजर दिली नाही.

"बाई, तुमच्या शाळंनं हाकललं, म्या न्हाई," तो म्हणाला. "आता पाव्हण्यांना शबुद दिलाय. तुळशीची लग्नं झाली की पोरीचं उरकून टाकणार. शिकून बी शेवटाला कागुदच घावणार असंल, तर कशापायी दोन घाट तुडवायचं तिनं?"

शाळेच्या वतीनं बाई काय बोलणार? हौसा दाराआड उभी होती, हातात विळा आणि डोळे जमिनीला. बाई उठताना एवढंच म्हणाल्या, "मी रोज तिचं नाव घेणार आहे. ऐकू आलं, तर तिला हजर म्हणू दे."

आणि रोज त्या ते नाव तीनदा पुकारत राहिल्या. डोंगर रोज गप्प राहिला. बाईंना राग यायचा तो पोरीचा नव्हे, बापाचाही नव्हे. त्यांना राग यायचा तो त्या खिळ्याला टांगलेल्या पितळेचा.

श्रावणात साहेब आले. मैदानात मांडव पडला, सगळं खोरं जमलं, टेबलावर ढाल चकाकत होती. ओढ्याला तुफान पूर आला होता आणि पलीकडच्या वाटा बंद होत्या. चिकोडे सरांनी भाषणात अकराव्या शंभर टक्क्यांचं कौतुक केलं आणि म्हणाले, आता आमच्या बाई दहावीच्या मुलांची नावं वाचतील. आवाज मोठा म्हणून त्यांना सांगितलं होतं, आणि साहेबांसमोर त्या बावीसच नावं घेतील असं सरांनी धरलं होतं. माणूस स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतो तो असा.

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी छत्तीस नावं घ्यायला सुरुवात केली. आतली पोरं म्हणाली हजर, आणि मांडवाच्या कडेनं उभी असलेली पोरंही म्हणाली हजर. साहेब बोटांवर मोजत होते, ते बावीसच्या पुढं गेले आणि त्यांनी हेडसरांकडं पाहिलं. चिकोडे सर घाम पुसायला लागले.

"हौसा जानू झोरे," बाई म्हणाल्या.

काही नाही. नुसता पुराचा आवाज.

"हौसा जानू झोरे."

बाईंना वाटलं, तिसऱ्यांदा आवाज फुटणारच नाही. पण फुटला, आणि असा फुटला की मांडवाचे खांब हलले, असं म्हणतात.

"हजर, बाई."

डोंगराच्या माथ्यावरून उत्तर आलं, ओढ्यावरून आलं, पाण्याचा सगळा खळखळाट खाली दाबून आलं. टेबलावरच्या ढालीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. मग लोकांनी पाहिलं तर पोरगी पुरात उतरलेली. दोन पुरुष उंच पाणी तिच्या घोट्यापर्यंतच लागत होतं, असं म्हणतात. ती मैदानात आली आणि पोरांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मागून जानू आला, छातीपर्यंत भिजलेला. त्यानं पटक्यातून तो कागद काढला आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवला.

"ह्यो तुमचा सतरा नंबर तुम्हीच ठिवा," तो म्हणाला. "माझी पोरगी पटावर हाय. आत्ताच हजर म्हणाली."

साहेबांनी त्याच मांडवात चौदा नावं पटावर परत घेण्याचा हुकूम लिहिला. त्यांना काही न्याय सुचला नव्हता, ते घाबरले होते. पण हुकूम तो हुकूम. पाहुण्यांना जानूनं काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही, पण लग्न त्या वर्षी झालं नाही.

मार्चमध्ये छत्तीस पोरं परीक्षेला बसली. एकोणतीस पास झाली, सात नापास. सातांत हौसा होती, इंग्रजीत गेली. चिकोडे सर बाईंना म्हणाले, "बघा, पोरीनं तुम्हालाही मान खाली घालायला लावली."

"मान माझी ताठ आहे," बाई म्हणाल्या. "आपल्या शाळेतून बसली आणि आपल्या शाळेतून नापास झाली. तिच्या इंग्रजीचा पहिला तास तुम्ही एकदा तरी उशिरा ठेवला असता, तर पास झाली असती. त्या सात जणांचं नापास होणं त्यांचं नाही, आपलं आहे."

त्या जूनपासून इंग्रजीचा तास दुपारी गेला. ऑक्टोबरात हौसा पुन्हा बसली आणि पास झाली. तोवर बाईंची बदली झाली होती. निकाल पाडला म्हणून, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. खोरं हळहळलं, पण अडवायला एकही पुढारी पुढं आला नाही, हेही लिहून ठेवावं. बाई पिशवी खांद्याला लावून घाट चढून गेल्या. नव्या शाळेत त्या कधी पोचल्याच नाहीत, असं म्हणतात. काही म्हणतात, जिथं जिथं पोरांच्या हातात दाखला ठेवतात, तिथं त्यांची हाक अजून ऐकू येते.

तांबुळखोऱ्यात आता पक्की इमारत आहे, संगणकही आहेत. पण दहावीच्या निकालाच्या दिवशी तिथं आधी टक्के सांगत नाहीत. आधी नववीचा जुना पट काढतात आणि व्हरांड्यात उभं राहून, खोऱ्याकडं तोंड करून, सगळी नावं पुकारतात. त्याला बाईंची हजेरी म्हणतात. पास असो की नापास, ज्याचं त्यानं हजर म्हणायचं. ज्या नावाला उत्तर येत नाही तिथं थांबायचं, घरी माणूस पाठवायचा, पोर कुठं आहे ते शोधून काढायचं आणि त्याला आणून उभं करायचं. तोवर पेढ्याचा पुडा कुणी सोडत नाही.

गेल्या वर्षी एका नावावर दोन दिवस गेले. मुलगी हंगामात ऊसतोडीच्या टोळीबरोबर पार राज्याच्या सीमेपलीकडं गेली ती तिकडंच राहिली होती, आणि दोन शिक्षक तिला आणायला निघाले होते. तालुक्याहून शाळेच्या टक्केवारीसाठी सारखे फोन येत होते. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा शिपाईमामांनी तो उचलला आणि म्हणाले, "थांबा जरा. अजून हजेरी चालू आहे."