एकतीस जणींची चौकट

फार वर्षांपूर्वी, छापखान्यात संगणक नवे होते तेव्हा, एका स्मरणिकेच्या पानावर मजकुराची एक मोठी चौकट राहत होती. गावची विहीर खणणाऱ्या एकतीस बायकांची नावं तिच्यात भरली होती, पण मावली अठ्ठावीसच. तेव्हा तिच्या कोपऱ्यात एक बारीक लाल खूण उमटली आणि म्हणाली, "बाई, तिघी आत अडकल्यात."

"गप्प बस. मी भरलेली दिसते, तेवढं पुरे," चौकट म्हणाली.

खालची छोटी रिकामी चौकट म्हणाली, "ताई, मला जोडून घे ना. उरलेल्या माझ्याकडे येतील."

"तुझी मदत घेतली तर मी अपुरी ठरेन!"

दुसऱ्या दिवशी येसाबाई कोकरे पान तपासायला आल्या. पडद्यावर बोट फिरवत त्यांनी नावं दोनदा वाचली. मग पान लावणाऱ्या मालतीला त्यांनी हळूच विचारलं, "ताई, खडक मी फोडला होता हो. माझं नाव कुठाय?"

मोठी चौकट शरमली. "धाकटे, ये गं," ती म्हणाली. त्यासरशी लाल खूण लखलखली आणि मालतीला दिसली. मालतीनं आधी खुणेवर, मग छोट्या चौकटीवर क्लिक केलं. तीन नावं झरझर खाली उतरली.

"ही बघा मी!" येसाबाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या.

मोठ्या चौकटीत एक अक्षरही वाढलं नव्हतं. तरी ती शेजारच्या फोटोला ऐटीत सांगत होती, "ती माझी धाकटी बहीण. आमच्या दोघींत मिळून एकतीस जणी आहेत."