निखाऱ्यावरचं पान

डोंगराच्या कुशीत एक चिमुकली वाडी होती. वाडीच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे पायवाट संपून गवत सुरू व्हायचं, तिथे अनसूची इवलीशी झोपडी होती. अनसू आठ वर्षांची. तिला आईबाप नव्हते. एक आत्या होती आणि हौशी नावाची एक शेळी होती. पूर्वी त्यांचं घर जरा बरं होतं. पण त्या वाडीची एक जुनी समजूत होती. शिमगा झाला की डोंगरावरचं वाळलेलं गवत जाळायचं, म्हणजे पुढच्या वर्षी ते दाट येतं. दाटबिट काही येत नसे, तरी दरवर्षी काडी लागायचीच. गेल्या वर्षी वारा फिरला, वणवा खाली उतरला आणि अनसूचं घर तिच्या चिंधीच्या बाहुलीसकट जळून गेलं. आता उरली होती गवतानं शाकारलेली झोपडी आणि अंगणात काळी माती.

झोपडीच्या खाली पन्नास पावलांवर मैनाचं घर होतं, लाल लाल कौलांचं. अंगणात पिवळी शेवंती, केशरी झेंडू, वेलीवर निळीनिळी गोकर्ण. मैना दुष्ट होती असं तुम्हाला वाटेल, पण तसं मुळीच नव्हतं. ती रोज वर बघून हाक मारायची, "अनसे, ये की खेळायला!" त्यानं तर अनसूचा जास्तच जळफळाट व्हायचा. दुष्ट मुलीचा हेवा करणं सोपं असतं. चांगल्या मुलीचा हेवा वाटला की आपला आपल्यालाच राग येतो, आणि तो रागसुद्धा तिच्यावरच निघतो. मला हे ठाऊक आहे. कसं, ते विचारू नका.

झोपडीच्या डाव्या अंगाला एक घळ होती आणि घळीच्या तळाशी झरा. एका थंडीच्या सकाळी अनसू कळशी भरून वर आली, तर घळीच्या तोंडाशी, वाटेच्या कडेला उंबराचं एक पिटुकलं रोप मान टाकून बसलेलं. दोनच पानं, तीही सुकलेली. अनसूला त्याची फार दया आली. "थांब हं," असं म्हणून तिनं अर्धी कळशी त्याच्या मुळाशी ओतली. दुसऱ्या दिवशीही ओतली आणि तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी रोपाच्या पानावर एक परी बसलेली होती. करंगळीएवढी! पंख कोवळ्या पालवीच्या तांबूस रंगाचे, झग्यावर दवाचे मणी लुकलुक करत होते.

"मी उंबरपरी," ती गोड आवाजात म्हणाली. "बाळ, डोंगर यंदाही पेटणार आहे. तुझ्या घराभोवती लावायला तीन झाडं माग. पण अटी ऐक. झाड याच डोंगरातलं हवं, परक्या झाडांशी माझी ओळख नाही. मागण्याआधी त्याचं हिरवं पान चुलीतल्या निखाऱ्यावर ठेवायचं आणि ते पेट घेईपर्यंत आकडे मोजायचे. आणि एकदा दिलेलं झाड मला परत घेता येत नाही."

अनसू धावतच निघाली. पण वाटेत तिची नजर खाली मैनाच्या अंगणात गेली. मैना नवं परकर-पोलकं घालून शेवंती तोडत होती. झालं! ती तशीच मागे फिरली.

"मला रोशा दे! वासाचं गवत. मैनाच्या सगळ्या फुलांपेक्षा भारी दिसलं पाहिजे!"

"पान ठेवून पाहिलंस?"

"ठेवीन नंतर."

परीनं एक इवलासा सुस्कारा सोडला आणि टिचकी वाजवली.

सकाळी झोपडीभोवती रोशा गवताचे गुलाबी तुरे डुलत होते. उन्हात ते सोनेरी चमकायचे आणि वारा आला की सगळ्या वाडीभर सुगंध दरवळायचा. बायका थांबून बघत. मैनासुद्धा कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि खाली मान घालून गेली. अनसूनं तिचं ते तोंड पाहिलं आणि तिला इतका आनंद झाला, इतका, की त्या दिवशी ती दोन भाकरी जास्त जेवली.

दुपारी तिनं आत्याच्या शेजारी बसून रोशाचं एक पान निखाऱ्यावर ठेवलं. "ए..." एवढंच म्हणून होतंय, तोच भर्रकन जाळ झाला!

"अगं माझे बाई!" आत्या म्हणाली. "त्याच्यात त्याल असतंय. हे दाराशी नगं गं."

त्याच संध्याकाळी मैना आली. हातात तिची सगळ्यात आवडती निळी रिबीन होती. "अनसे, ही घे. मला तुझं वासाचं गवत देशील? थोडंसंच."

आता सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण पोटातला हेवा म्हणाला, देऊन टाक, तिच्या दाराशी पेटू दे. "सगळंच ने की," अनसू म्हणाली. मैनाला इतका हर्ष झाला की तिनं अनसूला घट्ट मिठी मारली. रोशाचे सगळे ठोंब तिनं आपल्या खिडकीखाली आणि गोठ्याभोवती हौसेनं लावले. त्या खिडकीच्या आत तिच्या तान्ह्या भावाचा पाळणा होता.

पुढचे कितीतरी दिवस अनसू उंबराच्या रोपाला अर्धी कळशी घालत होती आणि रानातून पानं आणून निखाऱ्यावर ठेवत होती. बांबूचं पान तीन म्हणेपर्यंत गेलं. कारवीचं सहापर्यंत टिकलं. निवडुंगाच्या जाड पानातून मात्र चर्रर्र करून पाणी सुटलं, आणि तिला येत होते तेवढे वीस आकडे संपले तरी ते पेटलं नाही. तिनं निवडुंग मागितला. झोपडीच्या वरच्या अंगाला काटेरी, मांसल, हिरवी भिंत उभी राहिली.

"ही काय बाग हाय व्हय?" वाडीतली पोरं हसली. अनसूला रडूच आलं. खाली मैनाच्या खिडकीशी अनसूनंच दिलेला रोशा डुलत होता. स्वतःच्या हातानं दिलेल्या वस्तूचाही हेवा वाटू शकतो, बरं का!

अडुळशाचं पान तर वीस आकडे दोन वेळा म्हटले तरी नुसतं वाफ सोडत राहिलं. अनसूनं ठरवलं, तिसरा मागायचा अडुळसा, घळीच्या बाजूला. तेवढी एकच बाजू उघडी होती. पण मागेपर्यंत शिमगा आला.

शिमग्याच्या तिसऱ्या दिवशी माणसांनी डोंगराला काडी लावली. भर दुपारी वारा फिरला. केशरी, पिवळ्या, लाल ज्वाळा नाचत खाली आल्या. निवडुंगाच्या भिंतीशी त्या अडखळल्या आणि दोन बाजूंना फुटल्या. एक वाट घळीकडे निघाली, दुसरी थेट मैनाच्या घराकडे. तिथे रोशा आता वाळून सोन्यासारखा पिवळा झाला होता.

"शेवटचं झाड," परी निवडुंगावर उभी राहून म्हणाली. तिचे पंख धुरानं काळवंडले होते. "लवकर माग. घळीच्या बाजूला लावू?"

अनसूनं झोपडीकडे पाहिलं. आत्या हौशीला सोडून बाहेर आणत होती. मग तिनं खाली पाहिलं.

"अडुळसा," ती म्हणाली. "मैनाच्या घराच्या वरच्या अंगाला. आणि तो रोशा काढून टाक गं!"

"दिलेलं मला परत घेता येत नाही, बाळ."

"मग मी काढते!"

ती धावत सुटली. हौशीला ओढत आत्याही मागोमाग उतरली. मैनाचे आईवडील शेतावर होते. मैना भावाला कडेवर घेऊन दारात उभी होती.

"मैने, त्याला आत्याकडं दे आन हे उपट! हे लगेच पेटतंय!"

"तुझंच गवत हाय की!"

"म्हणूनच सांगत्ये! मला ठाऊक हुतं. मी तुला सांगितलं न्हाई. तुझं चांगलं बघवत नव्हतं मला!"

भाऊ आत्याच्या हातात गेला आणि दोघी मुठीमुठीनं रोशा उपटू लागल्या. हात कापले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शेवटचा ठोंब त्यांनी दूर भिरकावला, तोवर वरच्या बांधावर अडुळसा सळसळत उगवला होता, हिरवागार, पांढऱ्या फुलांचा. आग त्याच्याशी आली, धुमसली, फुसफुसली आणि विझली.

अनसूनं भीत भीत झोपडीकडे तोंड वळवलं. घळीतून ज्वाळा वर चढत होत्या. आता राहिलंच काय?

पण ज्वाळा पुढे आल्याच नाहीत. घळीच्या तोंडाशी एक मोठा थोरला उंबर उभा होता, गर्द पानांचा, बुंध्याशी ओल असलेला. तिनं तो मागितला नव्हता. त्या पिटुकल्या रोपाला रोज अर्धी अर्धी कळशी तेवढी घातली होती.

उंबराच्या शेंड्यावर परी बसली होती. "याला पान ठेवून पाहायला नको," ती हसून म्हणाली. "हे झाड माझं नाही. तुझंच आहे." तिचे काळवंडलेले पंख पुन्हा तांबूस झाले, मग सोनेरी, मग शुभ्र. सगळ्या पानांतून चांदणं सांडावं तसा प्रकाश सांडला आणि त्या लखलखाटात ती दिसेनाशी झाली.

मैना आठ दिवस अनसूशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं. नवव्या दिवशी ती वर आली, हातात कसलंसं पान घेऊन. "तुमची चूल पेटलीय का?" तिनं विचारलं. दोघी चुलीपाशी बसल्या. अनसूनं पान निखाऱ्यावर ठेवलं, मैना मोजू लागली. मैनाला शंभरपर्यंत येत होतं.

अनसूला त्याचा जरासा हेवा वाटला. "मला पण शिकव की," ती म्हणाली.