आधी खेळावं, मग लिहावं

एका तालुक्याच्या गावात एक भोळा बातमीदार होता. बातमीदार कधी भोळा असतो का, असं कोणी विचारील. असतो. हुशार बातमीदार जाहिराती आणतात, भोळे बातम्या आणतात. याचं नाव सुखदेव वाघचौरे. साप्ताहिक 'खडा सवाल'मध्ये तो बरीच वर्षं तात्पुरता होता.

मामाच्या मुलीशी, कल्पनाशी, त्याचं लग्न ठरल्यासारखंच होतं. पण मामा म्हणायचा, "आधी कायम हो, मग ये. तात्पुरत्या जावयाला मी कायमची पोरगी देत नसतो."

म्हणून सुखदेव संपादकांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. संपादक म्हणजे विश्वासराव घोलप. एके दिवशी ते म्हणाले, "सुखदेव, तरुण पोरं आपला पेपर वाचत नाहीत. ती गेम खेळतात. आपण सदर सुरू करू, 'सध्या काय खेळतोय?'. तू माझ्या मुलाच्या कॉम्प्युटरवर गेम खेळायचे आणि जे वाटेल ते लिहायचं. नीट केलंस तर कायम करतो."

"जे वाटेल ते?"

"जे वाटेल ते."

सुखदेव खेळला आणि त्याने लिहिलं: "पहिल्या गेममध्ये गाडी चालवली. रस्त्यात एकही खड्डा लागला नाही, त्यामुळे झोप आली. दुसऱ्यात शेती केली. रात्री पेरलं की सकाळी उगवतं आणि व्यापारी भाव पाडत नाही. गेम करणाऱ्याने शेत पाहिलेलं नसावं. तिसऱ्यात राजकन्या सोडवायला गेलो. पुष्कळ माणसं मारली. माझं त्यांचं काही भांडण नव्हतं. शेवटी कळलं की तिला पळवणारा राजाचा प्रधानच आहे. डावा अंगठा दुखतो."

पोरांनी पेपर विकत घेतला. वाचला. आणि सगळी कचेरीवर चालून आली.

"प्रधान आहे हे कशाला सांगितलं? आम्ही अजून दुसऱ्याच किल्ल्यावर आहोत!"

घोलपांनी पोरांना चहा पाजला आणि सुखदेवला झापलं. "अरे शहाण्या, शेवट फोडायचा नसतो. वाचणाऱ्याची मजा जाते. शेवट ज्याचा त्याने बघावा."

"बरं साहेब. शेवट फोडणार नाही."

पुढच्या आठवड्यात नगरपालिकेची मतमोजणी होती. सुखदेव सकाळपासून तिथे बसला. त्याने बातमी लिहिली: "लढत अटीतटीची झाली. मधल्या फेरीत तर कोणाचंच काही खरं नव्हतं. पण शेवटच्या फेरीत असं काही घडलं की अंगावर काटा आला. काय घडलं ते सांगत नाही. वाचकांनी स्वतः अनुभवावं."

जिंकलेले हंबीरराव पेपर घेऊन आले. हरलेलेही आले. दोघांनी मिळून घोलपांना घेरलं. निवडणुकीनंतर दोन्ही गट एकत्र आल्याचं गावाने पहिल्यांदा पाहिलं.

"हंबीरराव नगराध्यक्ष झाले हे लिहायला तुझं काय जात होतं?" घोलप ओरडले.

"तुम्हीच म्हणालात, शेवट फोडू नको."

"अरे, कोण जिंकलं, कोण मेलं, हे पहिल्या ओळीत यायला पाहिजे! मथळ्यात! ठळक!"

"बरं साहेब. कोण मेलं ते ठळक."

त्या आठवड्यात सुखदेव नवा गेम खेळत होता. एका गुहेत आग ओकणारा अजगर होता. सुखदेव आत गेला, "रामराम" म्हणाला आणि जळून खाक झाला. त्याने इमानाने लिहिलं. मथळा दिला: "सुखदेव वाघचौरे ठार". खाली पहिली ओळ: "आमचे तात्पुरते प्रतिनिधी सुखदेव वाघचौरे यांचा मंगळवारी भाजून मृत्यू झाला. चूक त्यांचीच होती."

गुरुवारी दुपारी कचेरीसमोर जीप थांबली. मामा, मामी, कल्पना आणि भावकीतली चार माणसं उतरली. मामीचा आवाज बसस्टँडपर्यंत ऐकू जात होता. आत सुखदेव पोहे खात होता.

"अरे, तू मेलास ना?" मामाने विचारलं.

"हो मामा. मंगळवारी."

"मग हे काय?"

"कांदेपोहे. घेता का?"

कल्पना म्हणाली, "मी म्हणत होते बाबा, बातमीच्या खाली नाव त्यांचंच आहे. मेलेला माणूस बातमी कशी देईल?"

"तू गप्प बस. शहाणपण करू नको," मामा म्हणाला. मग घोलपांकडे वळला. "जीपचं भाडं कोण देणार?"

भाडं घोलपांनी दिलं. त्यामुळे सुखदेवला या खेपेला जास्तच ऐकावं लागलं. "अरे, गेममधला माणूस मेला तरी पुन्हा उठतो, हे लिहायला नको? लोक घाबरतात! मेले म्हणून तिथेच सोडायचं नाही. जिथे थांबले तिथून पुन्हा सुरू होतील, एवढी एक ओळ टाकायची."

"बरं साहेब. एक ओळ टाकतो."

चार दिवसांनी बाजार समितीचे माजी सभापती गुलाबराव वारले. म्हातारा माणूस, मोठा जमीनजुमला. सुखदेवने मथळ्यात निधन टाकलं, ठळक टाकलं. खाली लिहिलं: "लोकांनी घाबरून जाऊ नये. गुलाबराव जिथे थांबले तिथून लवकरच पुन्हा सुरू होतील."

पेपर निघाला आणि गुलाबरावांची दोन्ही मुलं धावत आली. डोळ्यांत पाणी नव्हतं, कपाळावर घाम होता.

थोरला म्हणाला, "आप्पा परत येणार असं तुम्हाला कोण बोललं?"

धाकटा म्हणाला, "कागदांवर सह्या झाल्यात आमच्या."

घोलपांनी त्यांची कशीबशी समजूत घातली. आप्पा नक्की येणार नाहीत, याची त्यांनी आईची शपथ घेतली. मग दार लावून ते सुखदेवकडे वळले.

"तू मेला आहेस का कधी?"

"मंगळवारी साहेब."

"खरा! खरा मेला आहेस का? नाही ना? मग मेल्यावर काय होतं ते तुला काय माहीत? गेमचं लिहितोस ते स्वतः खेळून लिहितोस ना? मग बाकीचंही तसंच लिही. जे स्वतः करून बघितलं नाहीस त्यावर एक ओळ लिहायची नाही. समजलं?"

"समजलं साहेब. करून बघायचं, मगच लिहायचं."

असा नियम पेपरवाल्यांनी खरोखर पाळला तर निम्मे पेपर कोरे निघतील. पण घोलप बोलून गेले आणि सुखदेवने ते गाठीला बांधलं.

त्या रविवारी स्मशानभूमीत नव्या शवदाहिनीचं उद्घाटन होतं. गॅसवर चालणारी, जिल्ह्यात पहिली. लाल फीत, झेंडूच्या माळा, मंडप, चहा, सगळं होतं. हंबीररावांची पानभर जाहिरात 'खडा सवाल'ला मिळाली होती, त्यामुळे घोलप खुशीत होते. त्यांनी मामालाही बोलावून घेतलं होतं. "कार्यक्रम झाला की हंबीररावांच्या हस्ते नारळ देऊन सुखदेवला कायम करतो. तुम्ही तिथेच लग्नाची तारीख सांगा." मामा फेटा बांधून आला. कल्पना नवी साडी नेसून आली.

घोलप सुखदेवच्या कानाशी लागले. "आज चुकू नको. ही शवदाहिनी कशी आहे ते लोकांना नीट कळलं पाहिजे."

"मीच बघू?"

"मग काय मी बघू?"

सुखदेवने मान डोलावली.

भाषणं झाली. ज्वाळा सगळ्यांना दिसाव्यात म्हणून शवदाहिनीचं दार उघडंच ठेवलं होतं. हारतुरे चालू असताना सगळे व्यासपीठाकडे बघत होते. मग हंबीरराव बटनापाशी आले. त्यांनी कॅमेऱ्याकडे तोंड केलं, हसले आणि बटन दाबलं.

टाळ्या झाल्या. ज्वाळा झाल्या नाहीत.

गॅसची नळी अजून यायची होती. हे कंत्राटदाराला माहीत होतं, मुख्याधिकाऱ्यांना माहीत होतं, हंबीररावांना तर माहीत होतंच. घोलपांनाही माहीत होतं. त्यांनी उद्घाटनाची बातमी आदल्या दिवशीच छापून ठेवली होती आणि तिच्यात ज्वाळाही होत्या. फक्त सुखदेवला माहीत नव्हतं.

टाळ्या थांबल्या तेव्हा कल्पनाला शवदाहिनीच्या दारातून दोन पाय बाहेर आलेले दिसले. चपला तिने ओळखल्या.

"अहो, ते आत झोपलेत!"

सगळा मंडप उठला. हंबीररावांचं हसू गेलं. "कोणाचा माणूस आहे हा?"

घोलपांनी मंडपाच्या छताकडे बघितलं. "आमचा नाही साहेब. तात्पुरता होता. कालच काढून टाकला."

मामाने फेटा काढला आणि कल्पनाचा दंड धरला. "चल घरी. लग्न मोडलं."

"बाबा, आधी त्यांना बाहेर तरी काढा!"

तेवढ्यात आतून घुमलेला आवाज आला.

"घोलपसाहेब, मला एवढ्यात काढू नका. हंबीररावांना म्हणावं, बटन परत एकदा दाबा. अजून लिहिण्यासारखं काहीच झालेलं नाही."