टिटवी आणि दोन राखणदार

एका जंगलात, तळ्याकाठच्या कुरणावर एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी काही झाडावर घरटे बांधत नाही. तिने उघड्या जमिनीवरच, खड्यांच्या आडोशाला चार अंडी घातली होती. म्हणून कुरणात जरा काही बिघडले की ती अंड्यांकडे धाव घेई.

कुरणाची आणि तळ्याच्या बांधाची राखण कित्येक वर्षे एका अस्वलाकडे होती. यंदा वनराज वाघाने ती रानडुकराकडे सोपवली. दोघांनी मिळून कुरणाची शीव फिरायची आणि मग डुकराने ताबा घ्यायचा, असे ठरले. पण अस्वल म्हणे, "आज ऊन फार आहे." डुक्कर म्हणे, "आज मला चिखलात लोळायचंय." दोघेही मोठे कामसू बरं का, पण उद्यापासून! शीव फिरायची राहूनच गेली.

अशातच बांधाला भगदाड पडले आणि पाणी कुरणात पसरू लागले. टिटवी धावत अस्वलाकडे गेली. "काका, बांधाचं भगदाड बुजवा हो, माझी अंडी बुडतील!"

"अगं, कुरण आता माझं कुठे राहिलंय? डुकराला सांग."

डुक्कर म्हणाले, "मला अजून ताबा कुठे मिळालाय? अस्वलालाच सांग."

हेलपाटे घालून टिटवी रडकुंडीला आली. पाणी अंड्यांना टेकले, तसा मात्र तिला राग आला. कुरणाच्या उंचवट्यावर मोहाचे झाड होते. त्यावर घिरट्या घालत ती ओरडली, "मोहाच्या फुलांचा सडा पडलाय! कोणाची आहेत ही फुलं?"

दोघेही धापा टाकत हजर! "माझी! ताबा अजून माझ्याकडेच आहे," अस्वल गुरगुरले. "वा रे वा! कुरण मला दिलंय, फुलंही माझीच," डुक्कर म्हणाले. त्यांचा गलका ऐकून वाघ तिथे आला.

"महाराज," टिटवी म्हणाली, "कुरण आपलंच, असं दोघेही म्हणतात. मग हा फुटलेला बांध कोणाचा?"

दोघांच्याही माना खाली गेल्या. वाघाने पसरलेले पाणी पाहिले. "भगदाड बुजेपर्यंत एकाही फुलाला तोंड लावायचं नाही," तो शांतपणे म्हणाला.

अस्वलाने दगड आणले, डुकराने माती लोटली. घटकाभरात भगदाड बुजले. तीन अंडी वाचली. चौथे मात्र पाण्याबरोबर कधीच वाहून गेले होते.

"जरा उशीरच झाला," अस्वल पुटपुटले. टिटवी उरलेल्या अंड्यांवर जाऊन बसली.

तात्पर्य : जमीन एकाकडून दुसऱ्याकडे जाईल तेव्हा जाईल, तिची राखण मात्र मध्ये एक दिवसही थांबू नये.