नखावरची लाल रेघ

"...मग चंपाक्कांना प्रायश्चित्त काय सांगू, माताजी?"

श्रेणिकनं विचारलं ते उभ्या-उभ्याच. टेकायलाही सवड नव्हती त्याला.

श्रेणिक म्हणजे आमच्या गावच्या बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, चातुर्मासाला आलेल्या सुव्रतामती माताजींचा शिष्य. ब्रह्मचारी. आधी शहरात अन्नशास्त्र शिकलेला. बिस्किटात काय घालतात, चॉकलेटात काय घालतात, सगळं तोंडपाठ. त्याच्या हुशारीचा त्याला काही त्रास नव्हता. होता तो आम्हाला.

"झालं काय?" माताजींनी विचारलं.

"पणतवाच्या बारशाला अक्का ते परदेशी लाल सरबत प्यायल्या. चांगलं पेलाभर! मी बाटली वाचली. तो रंग किड्यांचा, माताजी. किडे वाळवून, कुटून करतात. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं. तेव्हापासून अक्कांनी अन्न सोडलंय. कालपासून पाणीही नाही."

अक्का बाहेर ओट्यावर खांबाला टेकून बसल्या होत्या. सुनेनं धरून आणलं होतं. ऐंशीच्या पुढचं वय. दिवस कलला होता, आणि सूर्य मावळल्यावर त्यांनी जन्मात कधी घोट घेतलेला नाही. अशी आणखी एक रात्र म्हातारी काढेल, असं आम्हाला कुणालाच वाटत नव्हतं.

"तू सांगितलंस आणि त्यांना लगेच पटलं?"

"छे! हसल्या. म्हणाल्या, किड्याला कुठला आलाय एवढा देखणा रंग? मग मी दाखवलंच."

"काय दाखवलंस?"

"मागच्या बांधावर निवडुंग आहे. त्यावर कापसासारखी पांढरी कीड बसते. त्याच जातीची. त्यातला एक किडा आणला आणि..."

"आणि?"

श्रेणिकनं अंगठा पुढं केला. नखाच्या कडेला लाल रेघ होती.

"...सगळ्यांसमोर चिरडला. लालभडक! मग कुणाची बोलायची टाप..."

त्याची नजर अंगठ्यावर गेली आणि वाक्य तिथंच राहिलं.

माताजी उठल्या, मोरपिच्छीनं पुढची जागा हळुवार झाडत ओट्यावर आल्या आणि अक्कांसमोर बसल्या.

"अक्का, सरबताचं एवढं मनाला लावून घेतलंत?"

"सरबताचं न्हवं, माताजी." आवाज पार खोल गेला होता. "ते नकळत गेलं पोटात. जप करून मिटवलं असतं मी. पण पोरगं खरं बोलत हुतं आणि मी हसले. मी हसले नसते तर त्यानं कशाला चिरडला असता?... आपल्या पानावर गप बसला हुता बिचारा. माझ्यापायी गेला."

अख्खं गाव म्हणत होतं, म्हातारी व्रत मोडलं म्हणून झुरते. आणि ही बाई एका किड्याचं सुतक धरून बसली होती! हात आपसूक जोडले गेले माझे.

श्रेणिक मटकन खाली बसला.

"माताजी... प्रायश्चित्त मला..."

"आधी पाणी आण. गाळून."

तो गेला. बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा अंगठा घासून घासून सोलवटला होता. रेघ होती तिथंच होती.

"अक्का, यानं दिलं तर घ्याल?"

"घेईन की. त्याच्या बी जिवाला लागलंय न्हवं."

अक्कांनी ओंजळ धरली. श्रेणिकच्या हातातला तांब्या मात्र कलेना. उन्हं ओट्यावरून उतरत चालली होती. सून रडवेली होऊन त्याच्याकडं बघत होती.

"या हातानं देऊ, माताजी?"

माताजींनी स्वतःची ओंजळ त्याला उघडून दाखवली. दिवसातून एकदा त्या याच ओंजळीत आहार घेत. स्वच्छ होती, रेष न् रेष दिसत होती.

"हिच्यावरचा डाग दिसत नाही, एवढंच... ओत."